माझ्या खुन्यास, सप्रेम

सॉल्टिंग एंड, एसेक्स
२ ऑक्टोबर १९३४

प्रिय ऑलिव्ह मावशी,

तुझी नवी कादंबरी पोचली. मी शाळेत शिकवून घरी येईपर्यंत पपांनी पुडकं फोडून पाच प्रकरणं संपवली होती. ते मोठ्याने वाचत होते आणि मिसेस डॅगेट दाराआड उभी राहून ऐकत होती, त्यामुळे चुलीवरचं मटण करपलं. आम्ही ते निमूटपणे खाल्लं. स्वयंपाकीणबाईंना खून पाहिजे असेल तर आपण मटणाबद्दल तक्रार करू नये.

ह्युबर्टमामाचंही पत्र आलंय. अर्पणपत्रिकेत स्वतःचं नाव पाहून आपल्या या पाद्रीमामाला आकाश ठेंगणं झालंय. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता म्हणे, "या वेळचा खुनी मी आहे बरं का! ती चष्मा पुसायची लकब माझी." खुनी ठरायला रांग लावणारं दुसरं एखादं घराणं जगात असेल का गं? प्रत्येक कादंबरीत तू घरातल्या कुणाची तरी लकब उचलतेस, खुन्याला चिकटवतेस आणि पुस्तक त्यालाच वाहतेस: 'माझ्या खुन्यास, सप्रेम.' बाथच्या दोघी आजी झाल्या, ह्युबर्टमामा झाला, मिसेस डॅगेट झाली. तिने तर ते पान चौकटीत घालून मिठाच्या बरणीच्या वर टांगलंय. मी दोनदा झाले.

पपा मात्र एकदाही नाही.

म्हणूनच आज लिहितेय. डॉक्टर मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले की पपांचं हृदय थकलंय, वसंत ऋतू दिसला तर नशीब समजा. पपांना हे न सांगताच कळलंय. काल तुझं पुस्तक मिटून म्हणाले, "तुझ्या मावशीला लिही, मरायच्या आधी एकदा तरी मला फासावर चढव म्हणावं." हसून म्हणाले. मावशी, एवढं कर. तुला काय, एक लकब उचलायचीय. ते पाइप ओढत नाहीत, नुसता दातात धरतात. ती घे.

इकडे धुकं सुरू झालंय. दिवे लागायच्या सुमाराला ते खाजणावरून वर येतं, बांध दिसेनासा होतो आणि मग फाटकापर्यंत काही उरत नाही. माझी जुनी खोड अजून गेलेली नाही, हसू नकोस. धुक्यात कुणीतरी मला हाक मारतंय असं वाटतं आणि मी "आले" म्हणून उठते. काल तर हातात बशी घेऊन दारापर्यंत गेले. पपा म्हणाले, "बस गं. पाणपक्षी आहेत. तुला कोणी बोलवत नाहीये." ते इतक्या घाईने का म्हणतात कोण जाणे.

उत्तर लवकर दे.

तुझी,
फीबी


हॅम्पस्टेड, लंडन
६ ऑक्टोबर

लाडके फीबी,

मटणाबद्दल मिसेस डॅगेटला माझ्यातर्फे क्षमा कर. माझ्या पुस्तकाने आजवर केलेला हा एकमेव खरा गुन्हा असावा.

तुझ्या पपांच्या प्रकृतीचं वाचून वाईट वाटलं. बीफचं सूप पाठवतेय, बाटल्या उभ्या ठेव. पण खुनी? अगं, उकडलेल्या अंड्याचं टोक उडवताना जो माणूस डोळे मिटतो, त्याला मी खुनी केलं तर वाचक माझ्या दाराशी येऊन किंमत परत मागतील. खुन्याला थोडी घाई लागते, थोडा हावरटपणा लागतो. दातात नुसता पाइप धरणाऱ्याचं हे काम नव्हे.

शिवाय उशीर झालाय. मी शेवटचं प्रकरण आधी लिहिते हे तुला माहीत आहे. खुनी कोण ते पक्कं झाल्याशिवाय मला पहिली ओळ सुचत नाही. पुढच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहून झालंय आणि त्यात बिचारा आपला मामेभाऊ सिरिल अडकलाय. माझे पियानो लावणारे हेर मिस्टर क्रॅब्ट्री त्याच्या घरी पियानो सुरात लावायला गेलेसुद्धा.

परवा आमच्या रहस्यकथा लेखकांच्या क्लबाचं जेवण झालं. नव्या सभासदाने मेणबत्तीवर हात धरून शपथ घेतली: वाचकापासून एकही दुवा लपवणार नाही. मग दुवे सोडून सगळ्या विषयांवर गप्पा झाल्या. साप्ताहिकासाठी छत्र्यांवर निबंध लिहितेय. तुझ्याकडे छत्री हरवण्याबद्दल काही असेल तर कळव.

तुझी,
ऑलिव्ह मावशी


सॉल्टिंग एंड
१५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सूप पोचलं. छत्र्यांबद्दल माझ्याकडे काही नाही.

तुझं पत्र मी पपांना वाचून दाखवलं. अंड्याच्या वाक्याला ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिचं बरोबर आहे. तिला छळू नकोस."

काय बरोबर आहे, मावशी?

तुझ्याच पुस्तकांवर वाढले, वाण नाही पण गुण लागलाच. मी बसून विचार केला. तू दर नाताळला येतेस आणि उजेड असतानाच निघतेस. आमच्या स्वयंपाकघरात तुला मी कधी पाहिलेलं नाही. चहा आण म्हटलं तरी तू मिसेस डॅगेटला दिवाणखान्यात बोलावतेस. सगळ्या घराला तू 'अरे-अगं' करतेस, एकट्या पपांना 'तुम्ही' म्हणतेस. आईच्या लग्नाच्या फोटोत मात्र तू त्यांच्या दंडाला लोंबकळून खदाखदा हसतेयस. आणि तुझ्या चौदा कादंबऱ्यांत माणसं विषाने मेली, सुरीने मेली, एक तर घंटेच्या दोराने मेला, पण बुडून कोणीही मेलं नाही. आजवर मला वाटायचं, आई बुडाली म्हणून तुला ते लिहवत नसेल. आता मला वाटतं की यात आणखी काहीतरी आहे.

मी एकोणतीस वर्षांची आहे. मला पोरीसारखं गप्प करू नकोस. पपांकडे फार दिवस नाहीत, आणि तुम्हा दोघांमध्ये काय आहे ते कळल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नाही.

फीबी


हॅम्पस्टेड
२४ ऑक्टोबर

फीबी,

लिहिलेलं फाडतेय आणि पुन्हा लिहितेय. तू विचारलंस, आणि मला तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

१९११ सालचा, नोव्हेंबरमधला पुडिंग ढवळायचा रविवार. तुझ्या आईबापांनी, मेरियन आणि ॲम्ब्रोजनी, ते घर त्या जूनमध्ये घेतलं होतं. मेरियनने मला हौसेने बोलावलं होतं: आपल्या स्वतःच्या चुलीवरचं पहिलं नाताळचं पुडिंग, तूही ये, एक फेरा ढवळ, मनात काहीतरी माग. धुक्यामुळे गाडी रांगत आली. मी पोचले तेव्हा अंधार होता आणि मेरियन घरात नव्हती. ॲम्ब्रोज म्हणाले, फिरायला गेली असेल, नेहमीच जाते. मी दुपारपासून वाचत बसलोय, घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, असंही म्हणाले. मग गावातली माणसं कंदील घेऊन बांधावर गेली.

मी पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेले. चुलीपाशी ॲम्ब्रोजचे गमबूट होते. घोट्याच्या वरपर्यंत खाडीचा काळा चिखल, ताजा. मी आत हात घातला. आतही पाणी होतं. म्हणजे बूट घालणारा बुटांच्या उंचीपेक्षा खोल पाण्यात उभा होता. त्या मापाचे पाय त्या घरात एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस दुपारपासून वाचत बसला होता.

सकाळी भरती उतरल्यावर ती सापडली. चौकशीच्या वेळी टर्टल नावाच्या बदकं मारणाऱ्या माणसाने सांगितलं की संध्याकाळी त्याने खाजणावर बाईच्या हाका ऐकल्या, मदतीसाठी मारलेल्या असाव्यात. ॲम्ब्रोजनी शपथेवर सांगितलं की आपण घराबाहेर पडलो नाही. मी बाकावर बसून होते. मी बुटांबद्दल बोलले नाही. तू सहा वर्षांची होतीस, तापाने वर झोपली होतीस आणि तुला आईबापांपैकी एकच उरलं होतं.

त्यानंतर मी रहस्यकथा लिहायला लागले. माझ्या पुस्तकात ज्याचे बूट ओले तो सुटत नाही, म्हणून माझ्या पुस्तकात बूट कधी ओले होत नाहीत. अर्पणपत्रिका ही आपल्या घरातली थट्टा आहे, फीबी. ॲम्ब्रोजशी ही थट्टा मी कशी करू?

अजूनही धुकं पडलं की माझ्या इथल्या शेकोटीपाशी ते दोन बूट उभे दिसतात. इतकी वर्षं मी त्यांना वळसा घालून चालते. मोलकरणीला वाटतं म्हातारीला संधिवात झालाय.

मावशी


सॉल्टिंग एंड
१२ नोव्हेंबर

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्याजोगं काही नव्हतं. मी शाळेत जाते, येते, पपांना सूप देते. त्यांचे हात बघते. तेच हात, ज्यांनी माझी वेणी घातली, कारण घालणारं दुसरं कोणी नव्हतं. ते म्हणतात, "पोरी, तू हल्ली माझ्याकडे बघत नाहीस." मी म्हणते, "वह्या तपासायच्यात." रात्री खोलीची कडी लावते आणि मग स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तू हे मला का सांगितलंस? मीच विचारलं होतं, माहीत आहे. तरी का सांगितलंस?

त्या दिवसाचं काहीतरी आठवावं म्हणून मी डोक्याला खूप ताण दिला. काही नाही. ताप होता म्हणतात, मी झोपून होते म्हणतात. आणि यातला सगळ्यात क्रूर भाग तुला सांगते. पपांचे ते गमबूट ही माझी लहानपणातली सगळ्यात सुंदर आठवण आहे. मी ते घालून खाडीत उभी आहे, ते माझ्या मांड्यांपर्यंत आलेत, एकेक पाऊल दोन्ही हातांनी उचलावं लागतंय. तोंडात कच्च्या पुडिंगची चव आहे. मी पाण्यातून डोकं वर काढणारा सील शोधतेय. आकाश पार खालपर्यंत पांढरं आहे. उन्हाळा असावा. मला मुळीच भीती वाटत नाहीये. एवढीच आठवण, पण दुःखाच्या दिवसांत मी तिच्यात जाऊन बसायचे. आता तिथेही जाता येत नाही. त्याच बुटांनी ते आईच्या मागे गेले असतील, हेच मनात येतं.

पंचविसाव्या तारखेला पुडिंग ढवळायचा रविवार आहे. त्या दिवशी मी त्यांना सरळ विचारणार आहे. त्यांचं हृदय बंद पडलं तर पडो, माझं तर रोजच पडतंय.

फीबी


हॅम्पस्टेड
१४ नोव्हेंबर

ॲम्ब्रोज,

हे पत्र फीबी शाळेत गेल्यावर पोचेल. वाचून चुलीत टाक.

मी तिला बुटांबद्दल सांगितलं. तू खून केलास असं मला आजपर्यंत वाटत होतं, आणि हे तुला ठाऊक होतं असं मला आज वाटतं.

तिने मला एक आठवण लिहून पाठवलीय. तुझे बूट, खाडी, पांढरं आकाश आणि तोंडात कच्चं पुडिंग. तिला वाटतं उन्हाळा होता. ॲम्ब्रोज, कच्चं पुडिंग वर्षातून एकाच दिवशी चाटायला मिळतं. आधीच्या वर्षांची पुडिंगं बाथला आईच्या घरी झाली, तिथे खाडी नाही. आणि त्या वर्षानंतर तुमच्या घरात पुडिंग ढवळलंच गेलं नाही. मग असा दिवस एकच उरतो. आणि आकाश पांढरं नव्हतं, ते धुकं होतं.

बुटांच्या आत पाणी का होतं तेही मला आता कळतं. मी खोल पाणी शोधत बसले. सहा वर्षांच्या पोरीचे पाय शोधायचं मला सुचलं नाही. आयुष्यभर लोकांना शिकवलं की प्रत्येक ओल्या गोष्टीमागे एक गुन्हेगार असतो, आणि स्वतः साप साप म्हणून भुई धोपटत बसले.

मेरियन तिला शोधायला गेली होती ना? एवढंच सांग.

ऑलिव्ह


सॉल्टिंग एंड
१७ नोव्हेंबर

ऑलिव्ह,

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लागलं नाही तर सोडून दे. बेकरीवाल्याच्या गाडीतून हे पत्र पाठवतोय.

हो.

पुडिंग ढवळताना फीबीने सील मागितला. मनातलं कोणाला सांगायचं नसतं, पण तिने येऊन माझ्या कानात सांगितलं. मी वाचत होतो. मी म्हणालो, "जा बघ, आलाही असेल खाडीत." थट्टेने म्हणालो आणि पान उलटलं. माझा गुन्हा एवढाच, पण तुझ्या पुस्तकातल्या सगळ्या खुन्यांचे मिळून होतील त्यापेक्षा मोठा.

काही वेळाने मागचं दार वाजलं. फीबी माझे बूट घालून उभी, कमरेपर्यंत भिजलेली, आनंदात. मी विचारलं, आई कुठे? तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात मला हाक ऐकू आली. बूट पाण्याने भरलेले, मी मोज्यांवरच बांधापर्यंत धावलो. टर्टल म्हणाला ती मदतीसाठी ओरडत होती. नाही, ऑलिव्ह. ती "फीबीऽ, फीबीऽ" अशी हाका मारत होती. मी जीव खाऊन ओरडलो, "सापडली, घरी ये, सापडली!" धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. तिची हाक लांब लांब जात राहिली, भरतीच्या दिशेने. मग थांबली.

मी परत आलो, पोरीला पुसून कोरडी केली, वर झोपवलं. बूट विसरलो. बाहेर गेलो होतो असं कबूल केलं असतं तर मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने विचारलं असतं की बायको संकटात आहे हे कशावरून कळलं, आणि तिथून पोरीपर्यंत एकच पाऊल होतं. म्हणून खोटी शपथ घेतली. तू चुलीपाशी उभी होतीस ते मी दारातून पाहिलं होतं. तू मला 'तुम्ही' म्हणायला लागलीस तेव्हाच समजलो. म्हटलं, ठीक आहे, ही किंमत परवडते.

आता ऐक. फीबीला हे कळता कामा नये. मी मारलं असं तिला वाटत असेल तर वाटू दे. बापाचा तिरस्कार करून माणूस जगू शकतो. ती हाक आपल्यासाठी होती हे कळल्यावर ती नाही जगणार. तिला अजून ऐकू येते ती, ऑलिव्ह. दर धुक्यात "आले" म्हणून उठते. मी तिला खाली बसवतो. मी गेल्यावर कोण बसवणार?

पण तीही तुझीच भाची. कच्चं पुडिंग उन्हाळ्यात नसतं हे आज ना उद्या तिच्या ध्यानात येईल. रविवारी तिने विचारलं तर मी होय म्हणणार आहे. मी मारलं, म्हणणार आहे. कागदावर तू इतक्या माणसांना फासातून सोडवलंस. याहून बरा शेवट तुला सुचत असेल तर सांग. मला सुचत नाही.

ॲम्ब्रोज


हॅम्पस्टेड
१९ नोव्हेंबर

ॲम्ब्रोज,

तू खुनी म्हणून कुणालाही पटणार नाहीस, असं मी फीबीला ऑक्टोबरातच कळवलं होतं. माझं मत कायम आहे. दुसरं माणूस शोधलंय.

फीबीला माझं पत्र येईल. ती तुला वाचून दाखवेल. त्यातला एकही शब्द खोडू नकोस, एकाही वाक्याला मान हलवू नकोस. मेरियनची शपथ आहे तुला.

ऑलिव्ह


हॅम्पस्टेड
२१ नोव्हेंबर

फीबी,

रविवारी तुझ्या पपांना विचारू नकोस. त्यांना काही माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचार, म्हणजे मला.

मी तुला लिहिलं की गाडीला उशीर झाला आणि मी अंधारात पोचले. खोटं आहे. मी आधीच्या गाडीने आले होते आणि स्टेशनवरून खाजणाच्या वाटेने चालत निघाले होते. वाटेत बांधावर मला मेरियन भेटली, मलाच सामोरी आली होती. आमचं भांडण झालं. कशावरून ते तुला सांगणार नाही. दोन बहिणींची भांडणं कशावरून होतात ते त्यांनाही नंतर आठवत नाही. ती रागाने खाडीच्या बाजूला उतरली. मी म्हटलं, जा, आणि घराकडे चालू लागले.

मागच्या दाराशी पोचले तेव्हा तिची हाक ऐकू आली. "ऑलिव्ह, ऑलिव्ह." शहरातले नाजूक बूट माझ्या पायात होते. मी ते काढून दाराशी ठेवलेले ॲम्ब्रोजचे गमबूट चढवले आणि परत गेले. चिखल पायाला धरून ठेवत होता. पाणी बुटांच्या वर आलं, आत शिरलं, थंड. ती पुढे होती, माझं नाव घेत होती. दहा पावलांवर असेल. फीबी, मी घाबरले आणि परत फिरले. टर्टलने ऐकलेली हाक तीच. ती मला मारलेली होती आणि मी तिला ओ दिली नाही.

बूट चुलीपाशी ठेवले, स्वतःचे घातले, रस्त्यापर्यंत गेले आणि पुढच्या गाडीचे उतारू येण्याच्या सुमाराला पुढच्या दाराने आत शिरले. परकर ओला कसा, असं गावातल्या कुणीतरी विचारलं तेव्हा घोडागाडीतून पडले म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते बूट पाहिले आणि माझ्या मनात आलं की हे तर ॲम्ब्रोजचे आहेत. माझा धंदाच तो. संशय जवळच्या माणसावर ठेवायचा, आणि मग मीही त्या संशयावर विश्वास ठेवायला लागले. त्याला 'तुम्ही' म्हटलं की ते खरं वाटायचं. गेल्या महिन्यात तू मला कोपऱ्यात धरलंस तेव्हा तीच गोष्ट तुझ्या हातात ठेवली. मरणाच्या दारातल्या माणसावर ढकलायला काय लागतं?

अर्पणपत्रिकेत त्याचं नाव का नाही, आता कळलं असेल. त्या नावाखाली सही करायची माझी हिंमत नव्हती.

तुझी बुटांची आठवण मात्र कुणाला देऊ नकोस, ती तुझी आहे. मी तिथे होते. तो त्या वर्षीचा ऑगस्ट, तुझा वाढदिवस. केकचं कच्चं मिश्रण मनुका घालून मीच तुला चाटायला दिलं होतं, तुला ते पुडिंग वाटलं. सील काही आला नाही, पण तू दिवसभर हसत होतीस.

तुझ्या पपांची क्षमा माग. माझ्यासाठी मागू नकोस.

ऑलिव्ह पेंडर


सॉल्टिंग एंड
२७ नोव्हेंबर

मिस पेंडर यांस,

तुमचं पत्र मी रविवारी पपांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. खाडीतला भाग आला तेव्हा त्यांनी हात वर केला, मला वाटलं छातीत कळ आली, पण ते म्हणाले, "तेवढं पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते.

मी विचारलं, "पपा, तुम्हाला हे माहीत होतं?" ते म्हणाले, "नाही." मी त्यांच्या पायाशी बसून त्यांची क्षमा मागितली, ज्या बापाने मला वाढवलं त्याच्या भीतीने मी दाराला कडी लावत होते. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, कडी तर मला ऐकूच आली नाही. आली असणार. मग आम्ही या घरात इतक्या वर्षांनी पुडिंग ढवळलं. पळी त्यांच्या हाताला पेलली नाही, मी वरून हात धरला.

तुम्ही माझ्या आईला तिथे सोडून आलात, याची मी कदाचित एखाद्या दिवशी कीव करीन. माणूस घाबरतं. पण एवढी वर्षं तुम्ही आमच्या टेबलाशी बसून नाताळचा हंस खाल्लात आणि समोरच्या निरपराध माणसाला त्याच्याच घरात आरोपीसारखं बसवलंत, आणि शेवटी ते पाप त्याच्या मुलीच्या हातात दिलंत. याला माझ्याकडे क्षमा नाही. तुमची पुस्तकं मिसेस डॅगेटने पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आहेत. या नाताळला येऊ नये. पपा गेल्यावर कळवलं जाईल, पण दफनालाही येऊ नये. तुम्हाला पाहून माझ्या हातून काय होईल ते मला सांगता येत नाही.

पत्र मी जाळणार होते. पपांनी ते मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. काल संध्याकाळी मी औषध द्यायला गेले तर ते पुन्हा वाचत होते. म्हणाले, "तिच्यावर रागावू नकोस, फीबी. तुझ्या मावशीने आजवर लिहिलेल्यात हेच सगळ्यात चांगलं आहे." आजारात माणूस काहीही बोलतो, म्हणून मी सोडून दिलं.

यापुढे पत्र पाठवू नये.

फीबी गेडनी